उधारीची वही

स्क्वॉड्रनचा इतिहास लिहिताय म्हणता.
मग तळाच्या नोंदवहीत सगळं आहेच:
किती उडाली, किती उतरली,
कुठल्या शहरावर किती टन.
माझ्याकडे फक्त ही वही. रॉकेलचा वास येतो तिला,
आणि अक्षर बायकोचं आहे, माझं नाही.

त्रेचाळीसच्या वसंतात आली ती, चार इंजिनांची.
स्टबिंग्जच्या बिटाच्या शेतावर तेव्हा नुकतं काँक्रीट ओतून झालं होतं.
पहिल्याच संध्याकाळी कपाटातल्या बश्या वाजू लागल्या.
बायकोनं प्रत्येक बशीखाली वर्तमानपत्राचा तुकडा घातला,
युद्ध संपेपर्यंत काढला नाही.

तळ एवढा पसरलेला की जेवायला जायचं तरी दीड मैल.
म्हणून प्रत्येकाला सायकल. सरकारी, जड, सगळ्या एकाच रंगाच्या.
कुणी दांड्याला चिंधी बांधायचा, कुणी मडगार्डवर नाव घालायचा.
एका विमानात सात जण. सात सायकली
कुंपणाला टेकवून जायचे.
सकाळी मी मोजत नसे.
दूध घालणारा पोरगा मोजायचा
आणि न विचारता सांगायचा.

पेल्यू म्हणून एक होता. डेन्झिल पेल्यू, कॉर्नवॉलचा,
विमानाच्या शेपटीतला गनर, एकोणीस वर्षांचा,
थंडीनं बोटं कायम सुजलेली.
त्याचं पंक्चर काढलं, साखळी बसवली,
घंटी बसवायला घेतली तर हात धरला माझा.
राहू द्या, म्हणाला.
काहीतरी बाकी असलं की माणसाला परत यावं लागतं.

मी हसलो. पण हे तळभर झालं.
ग्रीव्हनं ब्रेकची एक बाजू बाकी ठेवली,
कॅनडाच्या लाफ्लेशनं दिवा.
टकवेल नावाचा ऑस्ट्रेलियन पैसेच बाकी ठेवी,
दर वेळी बरोबर तीन पेन्स.
नोव्हेंबरात माझ्या दुकानात एकही काम पुरं नव्हतं.
माझा बाप असता तर म्हणाला असता, दुकान आहे की धर्मशाळा.

एकदा विचारलं पेल्यूला, वरून काय दिसतं?
तो बराच वेळ उलट्या सायकलीचं चाक फिरवत राहिला.
मी शेपटीत, म्हणाला. मला सगळं निघताना दिसतं.
रस्ते दिसतात. पेटल्यावर फार स्पष्ट.
तिथंही कोपऱ्यावर असं एखादं दुकान असणार.
मग त्यानं चहा मागितला.
तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

जानेवारीत चार दिवस धुकं. उड्डाणं बंद.
तो समोरच्या पबात बसलेला, सायकल माझ्या दाराशी.
हाताला काम नव्हतं, रिकामं बसवेना.
खोक्यातून घंटी काढली. दोन स्क्रू, एक वॉशर.
बसवली. वाजवून पाहिली.
चांगली वाजली.

पाचव्या दिवशी धुकं उठलं.

मान हलवू नका तुम्ही.
घंटीनं विमान पडत नाही, एवढं मलाही कळतं.
त्या रात्री चार विमानं आली नाहीत.
अठ्ठावीस सायकली.
त्यातल्या सत्तावीस जणांचं काहीतरी बाकी होतंच की,
तेही नाही आले.
हे बायको सांगायची मला, अंथरुणात, अंधारात,
आणि वहीत ज्यांचं येणं बुडालं
त्यांच्या नावापुढं रेघ मारायची नाही ती.
बघा, कुठंच रेघ नाही.

मेलेल्यांचं सामान गोळा करणारा अधिकारी लॉरी घेऊन आला,
सायकली घेऊन गेला. सरकारी मालच तो.
आठवड्याभरात नवी पोरं आली.
एक दुपारी दुकानाशी थांबला,
कोवळा, कान पुढं आलेले,
मडगार्डवरचं नाव खरवडलेलं, पण नीट नाही,
डी आणि पी वाचता येत होते.
घंटी वाजवली त्यानं, दोनदा, उगाच, आवाज आवडला म्हणून.
साखळी कुरकुरते, म्हणाला, थोडं वंगण घालता?

फळीवर वंगणाची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.
त्याला दिसतही असेल.
म्हटलं, संपलंय.
उद्या ये.